वरून तापून राहिली अन् खालून थंड करून राहिली

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याचं बिल आलं 468 युनिटचं. मी तर मीटरच खराब आहे असं ठरवून टाकलं, अर्ज पण लिहून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी द्यायला निघणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "खोली वरून तापून राहिली अन् तू खालून थंड करून राहिली, मीटर काय करन त्याच्यात?" त्या वाक्यानं माझा अर्ज घरातच राहिला. आणि आज हे सगळं लिहायला बसलेय कारण एप्रिल लागल्यापासून आमच्या ग्रुपवर रोज कोणी ना कोणी विचारतंय की कोणता एसी घेऊ, दीड टन की दोन टन.

आमचा फ्लॅट अमरावतीत, वरच्या मजल्यावर, डोक्यावर डायरेक्ट गच्ची. त्याच मे महिन्यात माळ्यावरची गादी काढायला रात्री दहाला स्टूलवर चढले होते तेव्हा हात छताला लागला, ताप चढलेल्या लेकराचं कपाळ लागावं तसं गरम. रात्री दहाला! दिवसभर स्लॅब ऊन पितो आणि आपण झोपायला जातो तेव्हा ते सगळं आत सोडत बसतो. आमचा एसी खोली थंड करतच नव्हता, तो रात्रभर त्या स्लॅबशी भांडत होता आणि त्या भांडणाचे पैसे आम्ही भरत होतो.

मग मी मीटरजवळ जाऊन उभी राहिले. तुम्ही पण एकदा राहा. मीटरवर एक लाल लाईट लुकलुकत असतो आणि बाजूला लिहिलेलं असतं की एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, आमच्यावर 3200 लिहिलंय. घरातलं सगळं बंद करून फक्त एसी लावला आणि घड्याळ धरून मोजलं तर मिनिटाला 80च्या आसपास. म्हणजे दीड हजार वॅट. नंतर फक्त कूलर लावला, मिनिटाला 10 सुद्धा पूर्ण झाले नाहीत. आमचा एसी जुना, बिनइन्व्हर्टरचा, मधे मधे कॉम्प्रेसर बंद होतो ते धरून रात्रीच्या आठ तासांत सात-साडेसात युनिट खायचा, कूलर त्याच आठ तासांत दीड युनिट. महिन्याचा हिशोब तुम्हीच करा.

आता बिलाचं एक नीट समजून घ्या कारण यात खूप जणांचा गोंधळ आहे. आपल्याकडे घरगुती दराचे टप्पे आहेत, 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्याच्या पुढे. लोकांना वाटतं की 100 ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात, तसं नाही, पहिले 100 स्वस्तातच लागतात, महाग लागतात ते वरचे. पण दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास आहे आणि तिसऱ्याचा त्याच्याही वर, शिवाय या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. म्हणून 468 वाल्या घरानं जे युनिट वाचवले ते सगळ्यात महागातले वाचतात. पाच वॅटचा बल्ब बंद केला का म्हणून पोरांवर ओरडण्यात काही अर्थ नाही हो, उन्हाळ्यातलं बिल बल्बमुळे येत नाही, थंडाव्यामुळे येतं.

तर आम्ही सुरुवात गच्चीपासून केली. सोसायटीत विचारलं, कोणी नाही म्हटलं नाही (पैसे आमचेच होते). कळीचा चुना रात्रभर ड्रममधे भिजवला, सकाळी गाळून त्यात फेविकॉल टाकलं म्हणजे पायाला निघत नाही, आणि झाडून धुतलेल्या गच्चीवर संध्याकाळी ऊन उतरल्यावर कुंच्यानं दोन हात मारले. चुना भिजवताना उकळतो, डोळ्यात उडाला तर वाईट, लेकरांना लांब ठेवा. पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो म्हणून दरवर्षी मार्चमधे परत. जास्त पैसे असतील तर कूल रूफचे म्हणजे ऊन परतवून छत थंड ठेवणारे पेंट मिळतात, ते काही वर्षं टिकतात. खोलीतल्या साध्या थर्मामीटरवर मला रात्री दोन-अडीच अंशांचा फरक दिसला. ऐकायला कमी वाटतं पण नवतप्यात (मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत) दोन अंश म्हणजे झोप लागणं आणि न लागणं यातला फरक आहे.

हे काही माझं डोकं नाही, अहमदाबादनं उष्माघात टाळायच्या आराखड्यात पांढरी छतं धरली, तेलंगणानं तर 2023 मधे कूल रूफचं धोरणच काढलं. आणि आमच्या विदर्भात, जिथे ऊन 45च्या वर जातं, तिथे नवीन बिल्डिंगच्या गच्च्या अजून काळपट सिमेंटच्या उघड्या. याचा मला खरंच राग येतो. बिल्डरनं बांधतानाच पांढऱ्या टाईल्स लावल्या तर त्याला कितीसा खर्च येणार, पण वरच्या मजल्यावर राहणारा माणूस पुढची तीस वर्षं त्याचं बिल भरतो. महापालिकेनं असं छत करणाऱ्याला घरपट्टीत सूट द्यावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरं पश्चिमेची खिडकी. आतून जाड पडदा लावून फार फायदा नाही, ऊन काचेतून आत आलं की ते आपलंच झालं. बाहेरून अडवायचं. आम्ही गॅलरीला बाहेरून हिरवी शेडनेट बांधली, दोरीनं.

आणि कूलर. आपलं ऊन कोरडं आहे हे आपलं नशीब आहे, मुंबईत कूलर लावून नुसता दमटपणा वाढतो, आपल्याकडे तो मे महिन्यात सोन्यासारखा चालतो. पण नव्वद टक्के लोक चुकीचा लावतात. कूलर खोलीत मधे ठेवून दारं-खिडक्या बंद! तीच ओली हवा फिरत राहते आणि मग अंग चिकचिक करतं. कूलरची पाठ खिडकीबाहेर पाहिजे, त्याला बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी, म्हणजे ओली हवा निघून जाते. कूलरच्या बाजूच्या ताट्यांमधलं गवत दरवर्षी बदला, जुन्या गवतावर क्षार बसतात आणि पाणी एकाच बाजूनं ओघळतं. जमलं तर एक ताटी वाळ्याची भरा, तो वास आला की मला माझ्या आजोळची दुपार आठवते.

पंखे पण पाहा. जुना पंखा 75 वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) 30-35. एक बदलून काही होत नाही, पण चार पंखे रोज बारा तास फिरत असतील तर महिन्याला साठ-पासष्ट युनिट वाचतात. आम्ही एकदम नाही घेतले, दिवाळीला दोन आणि पाडव्याला दोन.

एसी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. घरात आजारी माणूस असेल, तान्हं बाळ असेल तर लावावाच लागतो, आणि जुलैत उकाडा सुरू झाला की कूलर काही कामाचा नाही. पण 18 वर नका ठेवू. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमानं 2020 पासूनचे एसी चालू करताना 24 वरच येतात, त्याला कारण आहे, एक अंश वाढवला की साधारण 6 टक्के वीज वाचते. 26 वर ठेवून पंखा हळू लावा, करून पाहा.

ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांनी सोलरचं पण बघा, केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 आणि 3 किंवा जास्त असेल तर 78 हजार सबसिडी आहे, आणि पॅनलखाली छताला सावली होते ती वेगळीच. आमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांची गच्ची सामाईक, त्यामुळे आमचं घोडं अजून मीटिंगमधेच अडलंय.

मागच्या मे महिन्यात आमचं बिल 251 युनिटचं आलं. घर तेच, माणसं तीच, दोन-चार दिवस पाहुणे होते तेव्हा एसी पण लावला होता.

आता एक गोष्ट, आणि कूलर लावा म्हणून मीच सांगतेय तर ही सांगितल्याशिवाय ही पोस्ट टाकणार नाही. आपल्याकडे दर उन्हाळ्यात पेपरात बातमी असते, कूलरमधे पाणी भरताना शॉक लागून गेला किंवा गेली. बहुतेक वेळा लोखंडी कूलर, अर्थिंग नाही, पंपाची वायर कुठेतरी सोललेली. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या, बोर्डावर आरसीसीबी (वीज गळून शॉक लागायला लागला की लगेच लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि पाणी भरायच्या आधी बटण बंद केलं एवढ्यावर भागवू नका, प्लग काढून हातात घ्या आणि मग पाईप लावा. लेकरांना कूलरला हात लावू देऊ नका. आमच्याकडे पाणी भरायचं काम फक्त मी आणि हे, तिसऱ्या कोणी करायचं नाही.