उजव्या लेनमधले १००: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

वय ६७, चाळीस वर्षांचं ड्रायव्हिंग आणि आजवर एकही अपघात नाही, हे तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणते. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर उजवी लेन अडवून धरणाऱ्यांबद्दल मी जे लिहिलं होतं, ते तुम्हाला लागलं. तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, पण त्यातला एकही मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. म्हणून उत्तरही लांबणार आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांचं म्हणणं असं: वेगमर्यादा १०० ची आहे, मी उजव्या लेनमधून बरोबर १०० ने जातो, मग मागून १२० ने येणाऱ्यासाठी मी का सरकायचं? त्याला साइड देणं म्हणजे त्याच्या गुन्ह्याला हातभार लावणं. दुसरं, मधली लेन ट्रकांनी भरलेली, डावीत बंद पडलेल्या गाड्या, त्यामुळे उजवी हीच काय ती सुरक्षित लेन. तिसरं, सारखं आत-बाहेर करायचं म्हणजे लेन कटिंग, त्याचं चलान कोण भरणार? चौथं, ट्रकवाल्यांना कुणी बोलत नाही, कारवाल्यांनाच उपदेश. आणि शेवटी, तरुणांना घाई असते म्हणून ज्येष्ठांनी रस्ता सोडावा, असा माझ्या लिहिण्याचा सूर आहे.

वयाचं आधी सांगून टाकते. उजव्या लेनमध्ये ७०-८० ने निवांत चाललेल्या ज्या गाड्या मला दिसतात, त्यांत फोन कानाला लावलेले पंचविशीतले चालकही असतात आणि गप्पांत रंगलेली कुटुंबंही. वयाचा इथे काहीच संबंध नाही. तुम्ही सावकाश चालवा, ८० ने चालवा, ७० ने चालवा. तो तुमचा हक्क आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती जागेबद्दल.

आता तुमचा मुख्य मुद्दा, मर्यादेत चालणाऱ्याने का सरकायचं. तुम्ही धरून चालला आहात की उजवी लेन १०० ची, मधली ८० ची, डावी ६० ची. असं बरेच जण धरून चालतात आणि सगळा घोळ इथेच सुरू होतो. तीन लेनच्या या रस्त्यावर डावी जड वाहनांसाठी, मधली कारसाठी आणि उजवी ओव्हरटेकसाठी आहे. उजवीत जायचं, पुढची गाडी मागे टाकायची आणि परत मधलीत यायचं. तुमचा वेग कितीही असो, मधली लेन मोकळी असेल तर तुमची जागा मधलीत आहे. १०० ला सुद्धा.

कायदा हेच सांगतो. मोटार वाहन (ड्रायव्हिंग) विनियम, २०१७ प्रमाणे ओव्हरटेक उजव्या बाजूने करायचा असतो. आणि ज्याला ओव्हरटेक केलं जातंय त्याने वेग वाढवून किंवा इतर कुठल्याही प्रकारे अडथळा आणायचा नसतो. मागच्याचा वेग बघून साइड द्यायची की नाही ते ठरवा, असा अधिकार पुढच्या चालकाला दिलेला नाही. कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातल्या कलम १७७अ नुसार हे विनियम मोडले तर ५०० ते १,००० रुपये दंड आहे. जास्त वेगाने जाणाऱ्याचा दंड वेगळा आहे आणि तो त्याने भरायचा आहे. दोन चुका एकमेकींना रद्द करत नाहीत.

शिवाय तुमच्या मीटरवर दिसणारे १०० खरे १०० असतीलच असं नाही. स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू नये या बेताने गाड्या बनवतात, त्यामुळे बहुतेक गाड्यांत काटा थोडा पुढेच असतो. फोनवर जीपीएसचा वेग लावून बघा. काटा १०० वर असताना तिथे पुष्कळदा ९५-९६ दिसतात. म्हणजे तुमच्यामागे अडकलेला माणूस कदाचित मर्यादेतच जाऊ पाहतोय. मागे कोण आहे तेही आपल्याला माहीत नसतं. अॅम्ब्युलन्स असेल तर निदान सायरन ऐकू येतो (तिला वाट न दिल्यास १०,००० रुपये दंड आहे), पण साध्या गाडीच्या मागच्या सीटवर छातीत दुखणारा माणूस असला तर तिला सायरन नसतो.

पण हेही क्षणभर बाजूला ठेवू. समजा मागचा खरोखरच बेदरकार आहे आणि १२० ने येतोय. तुम्ही उजवीत १०० धरून बसलात म्हणून तो १०० वर येऊन शांतपणे तुमच्यामागे चालू लागतो का? चाळीस वर्षांत असं किती वेळा पाहिलंत? तो डिप्पर मारतो (म्हणजे हेडलाइट चमकवतो), अगदी बंपरला येऊन चिकटतो आणि मग डावीकडून घुसतो. तुमच्या आणि मधल्या लेनमधल्या ट्रकच्या मधली जी फट असते, तिच्यातून. म्हणजे त्याचा वेग तसूभरही कमी झाला नाही, फक्त त्याची जागा बदलली आणि ती जास्त धोक्याची झाली. त्याचा बंदोबस्त कॅमेऱ्यांनी आणि महामार्ग पोलिसांनी करायचा आहे. २०२४ पासून या रस्त्यावर कॅमेऱ्यांची आयटीएमएस यंत्रणा त्यासाठीच बसवलेली आहे. तुमची गाडी हा त्या बंदोबस्ताचा भाग होऊ शकत नाही, कारण तिचा परिणाम उलटाच होतो.

मला सगळ्यात जास्त भीती या डावीकडून जाण्याची वाटते, म्हणून इथे थोडं थांबते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. ट्रकच्या केबिनमधून त्याला उजवी बाजू आरशात बरी दिसते. डावीकडचं, ज्याला सगळे क्लीनर साइड म्हणतात तिकडचं, बरंच काही दिसतच नाही. केबिन उंच, मधे आख्खी सीट, आणि खाली दाराला चिकटून जाणारी कार त्याच्या आरशाच्या खालून निघून जाते. पूर्वी तिकडे बघायला क्लीनर असायचा. आता कित्येक ट्रकांवर चालक एकटाच असतो. उजवीत रेंगाळणाऱ्या ट्रकला डावीकडून ओलांडणारी कार त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. तो डावीकडे सरकू लागतो तेव्हा ती तिथे असते. सगळे फक्त उजवीकडूनच पुढे जातात, हा भरवसा असला तर चालकाला एकाच बाजूची चिंता करावी लागते. उजवी लेन अडली की तो भरवसा जातो आणि मग प्रत्येकाला दोन्हीकडे बघावं लागतं. माणसाला ते तासभर सलग जमत नाही.

ट्रकवाल्यांना कुणी बोलत नाही, हे मात्र खरं नाही. त्यांच्याबद्दलही बोलायलाच हवं. ५५ ने चाललेल्या ट्रकला ६० ने चाललेला ट्रक ओलांडतो तेव्हा काय होतं, त्याचं गणित करून बघा. दोघांची लांबी प्रत्येकी १२ मीटर, मागे-पुढे २०-२० मीटर अंतर, म्हणजे ६४ मीटर. वेगातला फरक तासाला ५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १.४ मीटरही नाही. हे ओव्हरटेक पूर्ण व्हायला साधारण ४६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात १०० ने येणारी कार सव्वा किलोमीटर पुढे आलेली असते. डाव्या आणि मधल्या लेनमध्ये हे चाललं तर कुणाचं काही बिघडत नाही, उजवी मोकळी राहते. पण मधलीतल्याला ओलांडायला तिसरा ट्रक उजवीत आला की सगळा रस्ता बंद. घाटात तर हे रोजचं. खोपोलीच्या पुढे जुना महामार्गही याच रस्त्याला येऊन मिळतो, भरलेला ट्रक चढावर एकदा मंदावला की पुन्हा वेग पकडायला झगडतो, म्हणून कुणीच आपला जोर सोडायला तयार नसतो. घाट टाळून जाणारी खोपोली ते कुसगावची १३.३ किलोमीटरची मिसिंग लिंक आखली गेली ती घाटातल्या याच दाटीमुळे. त्या चालकाची अडचण मला कळते. पण उजवीत ठिय्या देण्याचं ते कारण होऊ शकत नाही, त्याचं नाही आणि आपलंही नाही.

डाव्या लेनमध्ये बंद पडलेल्या, उभ्या केलेल्या गाड्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर आहे आणि त्यावर अजून जोरात बोलायला हवं. रात्री विनादिवे उभ्या असलेल्या ट्रकवर मागून आदळणं हे या रस्त्यावरच्या मृत्यूंचं फार मोठं कारण राहिलेलं आहे. २०१६ साली इथे १५१ माणसं गेली. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून शून्य मृत्यूचं लक्ष्य ठेवून काम सुरू केलं. उभ्या गाड्या हटवणं, कठडे दुरुस्त करणं, धोक्याच्या जागा शोधणं असं बरंच झालं, आणि २०१९ मध्ये हा आकडा ९२ वर आला. काम केलं की फरक पडतो, हे यातून दिसतं. ९२ हाही भयंकर आकडा आहे. पण काका, मी तुम्हाला डाव्या लेनमध्ये जा म्हणतच नाहीये. मधली लेन म्हणतेय.

मधली ट्रकांनी भरलेली असते, हा तुमचा पुढचा प्रश्न. सलग रांग असेल तर उजवीतच राहा, कारण तुम्ही ओव्हरटेकच करत आहात. त्यात काही चूक नाही. पण दोन ट्रकांमध्ये ३०० मीटर जागा असली की काय करायचं? तुम्ही १०० ने, ट्रक ६० ने. ती जागा संपायला तुम्हाला २७ सेकंद लागतील. तेवढ्यात मधलीत येऊन मागच्या चार गाड्यांना जाऊ देता येतं आणि पुन्हा निवांतपणे उजवीत जाता येतं. १०-१२ सेकंदांपेक्षा जास्त मोकळीक दिसली की आत यायचं, असा माझा अंदाज आहे. त्याहून कमी असेल तर उगाच धावपळ नको.

हे लेन कटिंग नाही. लेन कटिंग म्हणजे इंडिकेटर न देता, आरसा न बघता, दोन लेन एकदम तिरक्या कापत दुसऱ्याच्या नाकासमोर घुसणं. इंडिकेटर देऊन, जागा बघून एका लेनमधून शेजारच्या लेनमध्ये जाणं ही गाडी चालवण्याची साधी रीत आहे, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बंपरला चिकटणाऱ्यांबद्दल तुमचा राग मात्र माझाही आहे. १०० च्या वेगात धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरला तर गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते, आणि कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक लावला तरी आणखी ५५ मीटर लागतात. पावसाळ्यात याहून जास्त. १० मीटरवर येऊन डिप्पर मारणारा माणूस स्वतःचा आणि तुमच्या घरच्यांचा जीव पणाला लावत असतो. अशांबद्दल माझ्या मनात जराही सहानुभूती नाही. उजवी मोकळी ठेवा असं मी म्हणते ते त्याच्या सोयीसाठी नाही. तो तुमच्या मागे राहण्यापेक्षा पुढे निघून गेलेला बरा, म्हणून.

समृद्धी महामार्गाचाही उल्लेख तुम्ही केलात. तिथे कारची मर्यादा १२० ची आहे आणि रस्ता ७०१ किलोमीटरचा, बराचसा रिकामा. रिकाम्या रस्त्यावर उजवीत राहिलं तर कुणाचं काय जातं, असं वाटतं खरं. पण ८० ने जाणाऱ्याच्या मागून १२० चा माणूस सेकंदाला ११ मीटरने जवळ येत असतो, आणि लांबच्या सरळ रस्त्यावर डोळे जड झालेल्या माणसाला पुढची गाडी हळू आहे हे उशिरा कळतं. तिथे तर मधली लेन जवळपास नेहमीच मोकळी असते, म्हणून तिथे उजवीत बसून राहायला इथल्याइतकंही कारण नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, मागून डिप्परचा मारा चालू असताना आणि डावीकडे ट्रक असताना नेमकं करायचं काय? तर आधी घाबरून वेग वाढवायचा नाही, आणि त्याला धडा शिकवायला ब्रेकही दाबायचा नाही. डावा इंडिकेटर लावायचा. साइड देणार आहे, फक्त जागा मिळू दे, एवढं त्यातून मागच्याला कळतं आणि बऱ्याचदा तो तेवढ्यानेच शांत होतो. चालू असलेलं ओव्हरटेक त्याच वेगात पूर्ण करायचं. ओलांडलेल्या ट्रकचे दोन्ही हेडलाइट आतल्या आरशात दिसू लागले की डावीकडचा आरसा बघायचा, मान वळवून एक नजर टाकायची आणि मधलीत यायचं. तो गेला की पुढे पुन्हा उजवीत जाताना मागचं नीट बघा, कारण असे बहुतेक वेळा एकटे येत नाहीत.