‘फोटो काढा, पीडीएफ करा, पाठवा’: अंध विद्यार्थ्यांचं नुकसान करणारा मेसेज

नागपुरातल्या अभ्यासिकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: ‘अंध मुलांसाठी पुस्तकं टाईप करत बसायची आता गरज नाही. पानांचे फोटो काढा, पीडीएफ करा, पाठवा. मोबाइल वाचून दाखवतो. कॉम्प्युटरवर टाईप केलेली फाईल असेल तर प्रश्नच नाही. चित्रं एआय सांगतो. ब्रेल संपलं. शिवाय दुसऱ्याचं पुस्तक टाईप करून देणं हा कॉपीराइटचा गुन्हा आहे.’ हा मेसेज वाचून आमच्या ओळखीतल्या काही वाचक-स्वयंसेवकांनी, म्हणजे अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून-टाईप करून देणाऱ्यांनी, हातातलं काम थांबवलं. परीक्षा तोंडावर असताना! म्हणून उत्तर देणं भाग आहे.

मोबाइल वाचतो, हे खरं आहे. औषधाची पट्टी, विजेचं बिल, दुकानाची पाटी यांसाठी फोटो पुरतो. एका रकान्यात स्वच्छ छापलेली कादंबरीसुद्धा बऱ्यापैकी वाचली जाते. एवढं मान्य. पण सीताबर्डीच्या दुकानातून आणलेली झेरॉक्सची झेरॉक्स घ्या. तिच्यात शाईचे ठिपके अनुस्वार होतात आणि खरे अनुस्वार गळतात. ‘घर’चं ‘धर’ होतं, ‘भर’चं ‘मर’ होतं. दोन रकाने असतील तर डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या ओळीला चिकटते. पानाच्या डोक्यावरचं प्रकरणाचं नाव वाक्याच्या मधोमध येऊन बसतं. ऐकणाऱ्याला चूक कुठे आहे हे कळायला मूळ पान दिसत नसतं, त्यामुळे तो चुकीचंच पाठ करतो. स्कॅन करायचंच तर ३०० डीपीआयवर, एका वेळी एकच पान, सपाट ठेवून करा. फोटो व्हॉट्सॲपवर साधा न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन अक्षरं पुसट होतात. आणि ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, झाल्यावर डोळस माणसाने मूळ पान शेजारी ठेवून वाचायलाच हवं. त्याला पर्याय नाही.

मेसेजमधलं सगळ्यात बिनबुडाचं वाक्य मात्र पुढचं आहे: ‘टाईप केलेली फाईल असेल तर प्रश्नच नाही.’ मराठीत खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. आपल्याकडच्या क्लासच्या नोट्स आणि डीटीपीवाल्यांच्या कित्येक फाईली अजून कृतिदेव, श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये असतात. या फाईलींत मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. कृतिदेवमध्ये ‘नागपूर’ असं जे दिसतं, ते फाईलीत ‘यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे’ असतं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, आकार पाहत नाही, साठवलेली अक्षरं वाचतो. पानभर हेच ऐकू येतं. ‘सगळं सिलेक्ट करून फॉन्ट मंगल करा’ हा सल्लाही चूक आहे. फॉन्ट बदलल्याने आतली अक्षरं बदलत नाहीत.

त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे ज्यात मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवली जातात त्या पद्धतीत, बदलणारा कन्व्हर्टर लागतो, आणि तोही नेमक्या त्याच फॉन्टचा. कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलट. कच्चा कन्व्हर्टर हे फिरवत नाही. ‘विदर्भ’ची वेलांटी ‘व’च्या आधी लटकते, रफार शब्दाच्या शेवटी जातो, आणि उच्चार ओळखू येत नाही. दुसरा घोळ मध्ये आलेल्या खऱ्या इंग्रजी शब्दांचा. तेही कन्व्हर्टरमध्ये सापडले की ‘पीडीएफ’ची तीन अक्षरं ‘च्क्थ्’ होऊन बाहेर पडतात. म्हणून इंग्रजी शब्द आधी बाजूला काढायचे, मग मजकूर बदलायचा.

फाईल कशी आहे हे ओळखायला एक मिनिट लागतं. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. काहीच कॉपी झालं नाही, तर ते पानाचं चित्र आहे. इंग्रजी अक्षरांचा कचरा आला, तर जुना फॉन्ट. मराठी आलं पण जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटलेल्या, तर फाईल युनिकोडमध्ये असूनही पीडीएफ करताना मोडली आहे. अशा वेळी दुरुस्त करत बसू नका, मूळ वर्ड फाईल मागा. ती देणाऱ्याचा त्यात एक पैसाही जात नाही. पीडीएफच हवी असेल तर ‘प्रिंट टू पीडीएफ’ वापरू नका. ‘सेव्ह ॲज’मधून करा आणि पर्यायांत ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज’वर खूण ठेवा.

मजकूर शुद्ध झाला म्हणजेही काम संपत नाही. अक्षर ठळक आणि मोठं केलं की डोळ्यांना शीर्षक दिसतं, एनव्हीडीए या स्क्रीन रीडरला नाही. वर्डमध्ये ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या स्टाईल द्या; मग वाचक ‘एच’ दाबत प्रकरणांवर उड्या मारू शकतो. नाहीतर ३०० पानांचं पुस्तक पहिल्या ओळीपासून ऐकत यावं लागतं. सर वर्गात ‘पान ८४ काढा’ म्हणतात, म्हणून छापील पान क्रमांकही टाका. ‘हेडिंग ६’ त्यासाठी सोयीचं. ‘जोड्या लावा’ स्पेस देऊन मांडू नका, खरा तक्ता घाला. गाळलेल्या जागेत नुसती रेघ असेल तर विरामचिन्हं कमी बोलणाऱ्या सेटिंगमध्ये ती ऐकूच येत नाही. तिथे ‘रिकामी जागा’ असे शब्द लिहा. १०³ साध्या मजकुरात उतरलं की ‘१०३’ होतं. सूत्रं वर्डच्या इक्वेशनमध्येच लिहा. आणि नागपुरात एकाच नोट्समध्ये हिंदी उतारा व मराठी प्रश्न असतात. लिपी एकच असल्याने आवाजाला फरक कळत नाही. उताऱ्याची भाषा वर्डमध्ये निवडून द्या.

एआयने चित्राचं वर्णन केलं तरी प्रश्न नेमका कशावर आहे हे त्याला ठाऊक नसतं. ते विषय शिकवणाऱ्याने दोन ओळींत लिहावं. ब्रेलबद्दल एवढंच: ‘शिर’ आणि ‘शीर’ कानाला सारखेच. शुद्धलेखन नुसतं ऐकून पक्कं होत नाही, बोटांनी वाचून होतं, आणि ज्यांना ऐकूही येत नाही त्यांना ब्रेलशिवाय दुसरं काय आहे?

आता गुन्ह्याची धमकी. हे धादांत खोटं आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि कलम ५२(१)(झेडबी) आलं. अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात कुठलंही पुस्तक बदलणं, त्याच्या प्रती काढणं आणि खाजगी वापर, शिक्षण किंवा संशोधनासाठी तिला देणं, याला त्यात स्पष्ट सूट आहे. ही सूट ‘कोणत्याही व्यक्तीला’ आहे. संस्था असण्याची, प्रकाशकाची परवानगी घेण्याची अट नाही. अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांनाही ती आहे. त्यांनी नफा न घेता फक्त खर्चापुरते पैसे घ्यायचे आणि प्रती बाजारात जाऊ द्यायच्या नाहीत. अंध वाचकांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या आंतरराष्ट्रीय माराकेश करारालाही २०१४ साली सगळ्यात आधी मान्यता दिली ती भारताने.

मेसेजमध्ये अर्धं सत्य असेल तर एवढंच, की तीच फाईल अभ्यासिकेच्या सगळ्या डोळस मुलांच्या ग्रुपवर टाकली तर ही सूट लागू होत नाही. म्हणून पहिल्या पानावर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष आणि ‘फक्त दृष्टिबाधित वाचकांसाठी’ ही ओळ टाका, आणि फाईल थेट त्या विद्यार्थ्यालाच पाठवा. नवीन पुस्तक हाती घेण्याआधी ते सुगम्य पुस्तकालय या अंध वाचकांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात आधीच आहे का, हेही पाहून घ्या. ज्यांनी प्रकरणं अर्धवट सोडली आहेत, त्यांनी ती आजच पुन्हा उघडावीत.