बोर्ड मेला नाहीये, बूटचं बटण दाबा

परवा परत तोच फॉरवर्ड आला, यावेळी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या भाच्याकडून. मजकूर साधारण असा की ईएसपी३२ वर, म्हणजे प्रोजेक्टांत वापरतात त्या वायफायवाल्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर, चुकीचा कोड गेला की तो कायमचा बाद, अपलोड करताना 'कनेक्टिंग' आणि पुढे नुसते ठिपके आले की समजा गेलाच, शिवाय त्याची फ्लॅश वीस-पंचवीस वेळाच लिहिता येते, म्हणून प्रोजेक्टला प्रोग्राम करून दिलेलाच बोर्ड घ्या. खाली अर्थातच असे बोर्ड विकणाऱ्याचा नंबर.

आधी चुकीच्या कोडचं बघू. तुमचा कोड जातो फ्लॅश मेमरीत, पण करंट मिळाल्यावर सगळ्यात आधी चालतो तो चिपच्या आत रॉममध्ये कारखान्यातच कोरलेला प्रोग्राम, आणि तो तुम्ही ठरवूनसुद्धा पुसू शकत नाही. तो उठतो, जीपीआयओ० नावाची पिन बघतो, ती हाय (३.३ व्होल्टवर) असेल तर फ्लॅशमधला कोड चालवायला घेतो, ग्राउंडला असेल तर फ्लॅशकडे ढुंकूनही न बघता सीरियलवर नवीन कोडची वाट बघत बसतो. बूट लिहिलेलं बटण म्हणजे तीच पिन ग्राउंडला, बाकी काही जादू नाही.

भाच्याचा बोर्ड असाच 'मेलेला'. सीरियल मॉनिटर (बोर्ड पाठवतो तो मजकूर दाखवणारी खिडकी) ११५२०० च्या वेगावर लावला तर 'इनव्हॅलिड हेडर' आणि एक हेक्स आकडा, त्याच ओळी धो धो वाहतायत. म्हटलं अरे हा तर बोलतोय, मेलेला कुठे! झालं होतं असं की त्याने ईएसपी३२-एस३ या वेगळ्या चिपसाठीची कमांड कुठूनतरी उचलली, त्यात बूटलोडर (तुमचा कोड सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) फ्लॅशच्या शून्य पत्त्यावर जातो, साध्या ईएसपी३२ ला तो हेक्स १००० वर लागतो. बूट दाबून धरलं, ईएन म्हणजे रीसेटचं बटण एकदा टिचकी मारल्यासारखं दाबून सोडलं, स्क्रीनवर 'वेटिंग फॉर डाउनलोड' आलं. मग मॉनिटर बंद केला, नाहीतर पोर्ट बिझी म्हणून वेगळीच बोंब, आख्खी फ्लॅश इरेज केली आणि परत फ्लॅश केलं, यावेळी पत्ते हाताने न टाकता बिल्ड टूललाच टाकू दिले. पाच मिनिटांचं काम.

ठिपक्यांचं कारण तर अजून फालतू आहे. बूट आणि ईएन आपोआप दाबायला बोर्डवर दोन ट्रान्झिस्टर असतात, ते कॉम्प्युटरकडून येणाऱ्या डीटीआर-आरटीएस या दोन सिग्नलांवर चालतात, आणि स्वस्त बोर्डांत त्यांचं टायमिंग बरेचदा गंडतं. 'कनेक्टिंग' दिसलं की बूट दाबून धरा, झालं. दरवेळी दाबायचा कंटाळा असेल तर ईएन आणि ग्राउंडच्या मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डकवा, भाच्याच्या बोर्डवर तिरका बसलाय पण चालतोय. पोर्टच दिसत नसेल तर मामला वेगळा, तेव्हा केबल फक्त चार्जिंगची निघते किंवा बोर्डवरच्या यूएसबी चिपचा (सीएच३४० नाहीतर सीपी२१०२) ड्रायव्हर नसतो.

वीस-पंचवीस वेळा? फ्लॅशच्या ४ केबीच्या एकेका सेक्टरला साधारण १,००,००० वेळा खोडायची मुभा असते. रोज ५० वेळा अपलोड केलंत तरी साडेपाच वर्षं जातील. हां, एकाच सेक्टरवर दर सेकंदाला खोडून लिहिणारा लूप लिहिलात तर तोच आकडा २८ तासांत गाठाल, पण तो पराक्रम तुमचा, अपलोडचा नाही.

बोर्ड मरतच नाही असं मी म्हणत नाहीये. ३.३ व्होल्टच्या पिनला ५ व्होल्ट दिले तर मरतो, आणि सिक्युअर बूट किंवा फ्लॅश एन्क्रिप्शन (कोडला कुलूप लावायच्या सोयी) नीट न वाचता चालू केलंत तर ई-फ्यूज, म्हणजे चिपमधले एकदाच लिहिता येणारे बिट, जळतात, ते परत येत नाहीत. साधा एलईडी लुकलुकवणारा ब्लिंक अपलोड करून मात्र कोणाचेही जळत नाहीत. आणि एक फसवं मरण आहे: जीपीआयओ१२ चालू होताना हाय राहिली तर चिपला वाटतं फ्लॅश १.८ व्होल्टची आहे, बोर्डवर असतं त्या नेहमीच्या वरूम (WROOM) मॉड्यूलची असते ३.३ ची, मग बूटच होत नाही. तिथली वायर काढली की उठतो.

राहिला तयार बोर्ड. त्यात सोर्स कोड मिळत नाही, फक्त चालणारी बायनरी. व्हायवाला परीक्षक म्हणाले 'डिले बदलून दाखव', तर विकणाऱ्याला फोन लावणार का?

भाच्याच्या मित्राचा अजून एक 'मेलेला' रविवारी येतोय, म्हणे रिले जोडल्यापासून गेला. बहुतेक जीपीआयओ१२ च निघणार.