समजलं का? होऽऽ!

आमच्या अमळनेरच्या कट्ट्यावर कापसाचा भाव, नगरपालिका आणि क्रिकेट एवढं संपलं की शाळा निघतेच. आप्पा हायस्कूलात गणित शिकवून रिटायर झालेले. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत, आधी सातपुड्यातल्या धडगावकडे आणि आता चोपडा तालुक्यात. वकीलसाहेब कोर्टातून सुटले की थेट इकडेच. मी बीएड करून झेरॉक्सचं दुकान चालवतो. का, ते डोनेशनचा आकडा ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. आणि टपरीवरच्या वैनी. त्या बसत नाहीत, पण त्यांच्या कानातून काही सुटत नाही.

परवा विषयाला तोंड फोडलं आप्पांनी. "हल्लीची पोरं वर्गात बोलतच नाहीत हो. काही विचारलं की भिंतीकडे बघतात. मोबाइलने पार मुकी करून टाकली."

"मुकी कुठली?" गुरुजी म्हणाले. "मधल्या सुट्टीत येऊन बघा, कान किटतील."

"मग वर्गात काय होतं त्यांना?"

"वर्गात आपण बोलत असतो ना आप्पा."

आप्पांना ते लागलं. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला, म्हणजे आता तासभर निश्चिंती.

मला बीएडचे दिवस आठवले. वर्गात कोण किती बोलतं ते मोजायच्या, फ्लँडर्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकाच्या दहा श्रेणी आम्ही घोकल्या होत्या. निरीक्षकाने वर्गात बसायचं आणि साधारण दर तीन सेकंदांनी काय चाललंय त्याचा आकडा लिहायचा. दहापैकी सात आकडे शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांचे, आणि दहावा शांतता किंवा गोंधळ. दोन्हींना एकच आकडा! पोरगं डोकं खाजवत विचार करत असलं तरी दहा, आणि मागच्या बाकावर मारामारी जुंपली तरी दहा. याच गृहस्थाचा एक ठोकताळाही होता, अमेरिकेतल्या वर्गांवरून काढलेला: दोन तृतीयांश वेळ कुणीतरी बोलत असतं, आणि त्यातला दोन तृतीयांश वेळ तो बोलणारा शिक्षक असतो.

"आणि आपल्याकडे मोजलं तर?" वकिलांनी विचारलं.

"आपल्याकडे पोरांच्या वाट्याला एकच शब्द येईल," गुरुजी म्हणाले. "समजलं का? होऽऽ!"

सगळे हसले. आप्पा सोडून. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. साठ पोरांचा वर्ग, पस्तीस मिनिटांची तासिका, त्यातली पाच हजेरीत. एकेकाचं ऐकत बसलं तर पुस्तक कोण संपवणार? वकिलांनी लगेच 2009 चा शिक्षण हक्क कायदा काढला: प्राथमिकला तीस पोरांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला पस्तीसमागे एक. "ते आठवीपर्यंत," आप्पांनी जागीच कापलं. "नववी-दहावीच्या वर्गात उभे राहून दाखवा मला." त्याच कायद्यात पोराला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे, आणि त्याला भीती न वाटता बोलता यावं असंही लिहिलंय, हे वकील सांगत होते, पण आप्पांची गाडी तोवर छडीवर गेलेली. छडी गेली, धाक गेला, वगैरे. ते मी इथे लिहीत नाही, प्रत्येक घरात कुणीतरी ते म्हणतंच. मला एवढंच वाटतं, की छडी होती तेव्हाही वर्ग गप्पच होता. फक्त तेव्हा त्या गप्प बसण्याला शिस्त म्हणायचे.

मग गुरुजींनी मूळ मुद्दा काढला. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी 1970 च्या आसपास विज्ञानाच्या तासांच्या टेप ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर मास्तर उत्तरासाठी किती थांबतो? साधारण एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही की प्रश्न फिरवून विचारायचा, दुसऱ्याला उठवायचं, नाहीतर स्वतःच सांगून मोकळं व्हायचं. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांबली, 'येत नाही' म्हणणारे कमी झाले, आणि पोरं उलट प्रश्न विचारायला लागली. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली, ती मला जास्त टोचली: ज्यांना मास्तर हुशार समजतो त्यांच्यासाठी तो जास्त थांबतो, आणि ज्यांना वेळ हवा त्यांच्यासाठी कमी.

"तीन सेकंदांत काय दिवे लागतात?" आप्पा म्हणाले.

उत्तर दिलं वैनींनी, गाळणी हातात धरून, आपल्या पोराबद्दल. "मना आंडोर घरमा तोंड बंद करत नही आप्पा. शाळामा गया का मुका. सर इचारतस, त्याले उत्तर येस, पन ते आहिरानीमा येस. मंग तो ते पुस्तकनी भाषामा कराले जास, तोपावत सर दुसराले उठाडतस."

यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. आमच्यापैकी निम्मे लोक घरी अहिराणीच बोलतात आणि आमच्या कुणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. गुरुजी म्हणाले, धडगावकडे तर याहून कठीण. पहिलीतलं पोर घरून पावरी नाहीतर भिली घेऊन येतं आणि पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे प्रमाण मराठी. त्याने उत्तर द्यायच्या आधी प्रश्न तरी कळायला नको? पहिली वर्षं घरच्या भाषेतून शिकवा, असं 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही म्हणतं. पण सातपुड्यात बदली झालेल्या मास्तरला ती भाषा शिकवणार कोण, यावर वकिलांकडेही कलम नव्हतं.

"बरं, थांबून तुम्हाला काय मिळालं ते सांगा," आप्पा म्हणाले. आवाज थोडा उतरला होता.

गुरुजींनी सातवीतला तास सांगितला. आधी त्यांनी विचारलं, एक क्विंटल म्हणजे किती किलो? सगळा वर्ग एका सुरात, शंभऽर! मग विचारलं, गावात येऊन कापूस घेणारा खेडा खरेदीवाला क्विंटलमागे दोन किलो कमी धरतो, तर चाळीस क्विंटलला किती किलो गेले? आणि शेवटच्या बाकावरच्या एकाकडे बघून गप्प उभे राहिले. पुढच्या बाकावर 'गुर्जी मी, गुर्जी मी' चाललेलं. तरी थांबले. पोरगं उठलं आणि म्हणालं, "गुर्जी, आमच्याकडं चाळीस क्विंटल होतच नाही. कोरडवाहू आहे. अन् तो दोन नाही, तीन धरतो."

"उत्तर चुकलं ना पण," आप्पा म्हणाले.

"त्याने मग त्यांच्या घरच्या अकरा क्विंटलचा हिशोब केला. तेहेतीस किलो. फळ्याजवळ येऊन. वर्षभरात पहिल्यांदा."

आप्पांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. साने गुरुजी याच गावात, प्रताप हायस्कूलला, 1924 ते 1930 शिकवत होते. त्यांनी कुठे सेकंद मोजले?

"नसतील मोजले," गुरुजी म्हणाले. "पण वसतिगृहातल्या पोरांसाठी ते हाताने छात्रालय दैनिक लिहून काढायचे. तासाला राहिलेलं तिथे निघायचं. आपण तासानंतर पोरांशी कशावर बोलतो? वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्यातही मेसेज फक्त ॲडमिनने टाकायचा!"

वकील टाळी द्यायला पुढे झाले, पण आप्पा हरायला तयार नव्हते आणि मला त्यांचं तेच आवडतं. दर प्रश्नाला असं थांबलो तर दहावीची त्रिकोणमिती मार्च उजाडला तरी संपणार नाही, म्हणाले.

"दर प्रश्नाला कशाला? क्विंटलच्या किलोला थांबू नका. जिथे पोराला डोकं लावावं लागतं तिथे थांबा. असे प्रश्न तासाला दोन झाले तरी पुष्कळ."

"आणि तेवढ्यात पुढच्या बाकावरचं हुशार कार्टं उत्तर ओरडलं तर?"

"ओरडायचं नाही, लिहायचं. सगळ्यांनी. वहीच्या मागच्या पानावर."

"मागच्या पानावर आमची पोरं माझं चित्र काढायची," आप्पा म्हणाले.

"जमायचं का?" वकिलांनी विचारलं.

"टक्कल बरोबर यायचं."