‘आधी विकासदर, सुख मग बघू’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर सध्या एकच मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: लोकांचं सुख-समाधान सरकारी धोरणात आणि अंदाजपत्रकात आणायची भाषा हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत. आपण आधी जीडीपी, म्हणजे देशाचं एकूण उत्पन्न, वाढवावं, बाकी सगळं त्यामागून आपोआप येतं. सुख मोजता येत नाही. भूतानने मोजून पाहिलं आणि तिथली पोरं ऑस्ट्रेलियाला निघून गेली. न्यूझीलंडने तसं बजेट मांडलं आणि सरकार बदलताच गुंडाळलं. शेवटी काय, ही नाव बदललेली रेवडीच, म्हणजे मतांसाठीची फुकट वाटणी.

मजकूर नेटका आहे आणि त्यातल्या दोन-तीन गोष्टी खऱ्याही आहेत. म्हणूनच त्याला ‘काहीही पाठवता’ एवढं म्हणून सोडून देता येत नाही. मी नाशिक जिल्ह्यात राहते, आणि या मजकुरातला मधला दावा किती चुकीचा आहे हे तपासायला या जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही.

तो मधला दावा म्हणजे ‘आपोआप येतं’. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था देशातल्या राज्यांत सर्वांत मोठी. आपोआप काही घडणार असेल तर ते इथे घडायला हवं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत राज्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३४.४ टक्के मुलांची वाढ खुंटलेली होती, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी. २०१९-२१ च्या फेरीत हा आकडा ३५.२ टक्के झाला. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं दोन्ही वेळा २५.६ टक्के. मधल्या वर्षांत राज्याचं उत्पन्न वाढलं, पण ते मुलांच्या अंगी लागलं नाही. त्याच पाहणीत वाढ खुंटलेल्या मुलांचं प्रमाण तमिळनाडूत २५ टक्के आहे आणि केरळात २३.४. तमिळनाडू काही आपल्यापेक्षा फार श्रीमंत नाही. तिथे १९८२ पासून शाळेतल्या आणि अंगणवाडीतल्या जेवणावर सातत्याने पैसा लावला गेला आणि सरकारं बदलली तरी तो आटला नाही. आधी ठरवलं, मग खर्च केला, मग फरक पडला.

आता आमच्या जिल्ह्यातल्या सुरगाणा या आदिवासी तालुक्याकडे बघा. पावसाळ्यात तिथे धो धो पाऊस पडतो आणि मार्च उजाडला की बायका हंडे घेऊन झऱ्याच्या वाटेला लागतात. २०२२ च्या डिसेंबरात सीमेवरच्या काही गावांनी जाहीर मागणी केली की रस्ते, पाणी, दवाखाना मिळणार नसेल तर आम्हाला गुजरातेत जाऊ द्या. त्याआधी २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जो पायी मोर्चा गेला, त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरीचे आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. वनहक्काच्या जमिनीसाठी ते सहा दिवस रणरणत्या उन्हात चालले. अनेकांच्या पायांना फोड आले होते, सोललेल्या तळव्यांचे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आले. देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या अर्थव्यवस्थेत राहणारी ही माणसं. त्या पहिल्या क्रमांकातलं त्यांच्यापर्यंत काय पोहोचलं, हा प्रश्न विचारायची आपल्या अंदाजपत्रकात जागाच नाही, आणि ‘सुखाचं धोरण’ म्हणतात ते एवढंच असतं: ही जागा तयार करणं.

जीडीपीकडून ही अपेक्षा करणंच चूक आहे, हे सांगायला मी कशाला हवी? ज्या सायमन कुझनेट्स यांनी राष्ट्रीय उत्पन्न मोजायची आधुनिक रीत बसवली, त्यांनीच १९३४ साली अमेरिकेच्या काँग्रेसपुढे ठेवलेल्या अहवालात बजावलं होतं की या आकड्यावरून राष्ट्राचं कल्याण जोखता येत नाही. २०१९ च्या आपल्याच राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात, घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. रोजचे जवळजवळ पाच तास, आणि जीडीपीत त्याची नोंद शून्य. साधुग्रामसाठी, म्हणजे सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठी, नाशिकच्या तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा २०२५ च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले, त्यामागेही हीच गोष्ट होती. झाड तोडणं, लाकूड वाहणं, मांडव घालणं हे सगळं उत्पन्नात धरलं जातं. सावली धरली जात नाही.

पुढचा मुद्दा मोजण्याचा. ‘सुख ही मनाची गोष्ट, ती काय मोजणार’ हे ऐकायला बरं वाटतं. पण आपण नाशिककर मोजण्यात किती तरबेज आहोत ते द्राक्षबागेत जाऊन पाहा. युरोपला जाणाऱ्या मालाची बाग नोंदवावी लागते, प्लॉटला क्रमांक मिळतो, तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि फवारलेल्या औषधाचा रेसिड्यू, म्हणजे मालात उरलेला अंश, किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजला जातो. २०१० साली क्लोरमेक्वाटचा, म्हणजे बागायतदार ज्याला लिहोसिन म्हणतात त्याचा, अंश सापडला आणि आपली द्राक्षं युरोपात अडकली. त्यानंतर कोणत्याही शेतकऱ्याने ‘रेसिड्यू मोजता येत नाही’ असं म्हटलं नाही. मोजलं नाही तर माल परत येतो, हे सगळ्यांना कळलं होतं.

त्याच बागेत थिनिंगसाठी सुरगाण्याची नाहीतर पेठची टोळी आलेली असते. वेलीच्या मांडवाच्या दोन लोखंडी अँगलना जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असते आणि तिच्यात वर्षा-दीड वर्षाचं मूल निजलेलं असतं. आई हाताच्या अंतरावर बारीक कात्रीने घडातले मणी विरळ करत असते. घड पक्व झाल्यावर किती वजन भरेल हे बागमालक आजच सांगू शकतो. मुलाचं वजन शेवटचं कधी केलं ते आईला आठवत नाही, कारण मुलाचं नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर आणि मुक्काम दिंडोरी तालुक्यातल्या शेडमध्ये. याच आदिवासी पट्ट्यासाठी राज्याने २०१५ साली अमृत आहार योजना आणली, गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण देणारी. पुढे त्यात मुलांसाठी अंडी-केळी आली. चांगली योजना आहे, मी मनापासून म्हणते. पण जेवण गावात शिजतं आणि हंगामात आई गावात नसते. हे अंतर कोणत्याही विकासदरात दिसणार नाही. ते दिसण्यासाठी दिंडोरीतल्या मुक्कामावर वजनकाटा घेऊन जावं लागेल.

आणि सरकारला हे मोजणं नवं नाही. २०१८ साली सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात आरोग्य, पोषण, शिक्षण, शेती, पायाभूत सोयी असे ४९ निर्देशक आहेत आणि आपल्या विभागातल्या नंदुरबारचा त्यात समावेश आहे. जे नंदुरबारला मोजता येतं ते पेठला मोजता येत नाही, असं कोण म्हणेल?

जागतिक आनंद अहवालात भारत पाकिस्तानच्याही खाली असतो, म्हणून हे सगळं शास्त्र बोगस, असंही त्या मजकुरात आहे. त्या क्रमवारीबद्दल माझाही आक्षेप आहे. दर देशात वर्षाला साधारण हजार माणसांना ‘शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर तुम्ही कुठे आहात’ असं विचारायचं आणि तीन वर्षांची सरासरी काढायची, यावर कुणी धोरण आखू नये. पण आखतंय कोण? भूतानच्या सुखाच्या निर्देशांकात नऊ क्षेत्रं आणि ३३ निर्देशक आहेत. त्यात माणूस किती तास काम करतो, किती तास झोपतो, दवाखाना किती लांब आहे, असे साधे प्रश्न येतात. शिडीच्या क्रमवारीची खोड काढून या प्रश्नांना बाद करता येत नाही.

भूतानचं म्हणाल तर तिथली तरुण मुलं मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला जात आहेत, हे खरं. तिथे तरुणांना पुरेसं काम नाही, हेही खरं. त्याहून जड गोष्ट ही की १९९० च्या दशकात नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा समाजातले सुमारे लाखभर लोक तिथून बाहेर पडून निर्वासित झाले, आणि सुखाच्या गोष्टी करणाऱ्या देशाच्या कपाळावरचा तो डाग पुसला जाणार नाही. पण मजकूर म्हणतो तसा ‘निर्देशांक आणला म्हणून मुलं गेली’ हा कार्यकारणभाव कुठून आला? मुलं पगारासाठी जातात. नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेली मुलंही पुण्याला जातात, पंजाबातली कॅनडाला जातात, आणि तिथे कुणी सुखाचा निर्देशांक काढलेला नव्हता. भूतानकडून घ्यायचं ते वेगळंच. निम्म्याहून जास्त, नेमकं सांगायचं तर किमान ६० टक्के जमीन जंगलाखाली राहिलीच पाहिजे, असं त्यांनी २००८ च्या संविधानात लिहून टाकलं. पुढच्या सरकारच्या मर्जीवर ते सोडलं नाही.

न्यूझीलंडच्या बाबतीत नेमकं हेच करायचं राहून गेलं. २०१९ च्या बजेटवर ‘वेलबीइंग’ (कल्याण) हे नाव घातलं, मानसिक आरोग्यासाठी १.९ अब्ज न्यूझीलंड डॉलरची तरतूद केली. २०२३ मध्ये सरकार बदललं आणि बजेटवरचं ते नावही गेलं. ब्रिटनमधल्या वेल्सने मात्र २०१५ मध्ये भावी पिढ्यांच्या कल्याणाचा कायदा केला. सात उद्दिष्टं ठरवली आणि सरकारी संस्थांना जाब विचारणारा आयुक्त नेमला. न्यूपोर्टच्या पाणथळ जमिनीतून जाणाऱ्या मोठ्या महामार्गाला तिथल्या आयुक्तांनी याच कायद्याच्या आधारे विरोध केला आणि २०१९ मध्ये खर्च आणि पर्यावरणाची हानी ही कारणं देऊन मुख्यमंत्र्यांनी तो रस्ता रद्द केला.

राहिले ‘श्रीमंतांचे चोचले’ आणि ‘रेवडी’. या दोन्हीला एकच उत्तर आहे आणि ते तुमच्या-माझ्या पगारपत्रकावर छापलेलं असतं. पत्रक काढून बघा. ‘व्यवसाय कर’ म्हणून बहुतेकांचे दरमहा २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ साली कशासाठी बसला? रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राकडे पैसा नव्हता, धान्य नव्हतं, खडी फोडायला लोकांच्या रांगा होत्या. त्या वेळी विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आग्रह धरला की मागेल त्याला काम मिळालंच पाहिजे. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराने कर भरायचा, तेवढाच वाटा सरकारने घालायचा, आणि गावातल्या माणसाने बंधारा, पाझर तलाव, रस्ता करून हक्काची मजुरी घ्यायची. कामाच्या जागी पिण्याचं पाणी, सावली आणि लहान मुलांसाठी पाळणाघर हवं, हेही ठरलं. २००५ च्या केंद्रीय कायद्याने त्यातूनच धडा घेतला. भूतानचा निर्देशांक सोडा, वेल्सचा कायदा व्हायला तेव्हा आणखी जवळजवळ चार दशकं होती. हाती काही नसताना, ऐन दुष्काळात या राज्याने माणसाची उपासमार आणि त्याची प्रतिष्ठा यांना अंदाजपत्रकात जागा दिली. याला चोचले म्हणायचं असेल तर आपल्या आजी-आजोबांच्या तोंडावर म्हणून दाखवावं लागेल. खडी फोडलेले हात अजून कित्येक घरांत आहेत.

आणि निवडणुकीच्या तोंडावर खात्यात टाकलेल्या प्रत्येक रकमेला मी सुखाचं धोरण म्हणत नाही. तिलाही तोच प्रश्न विचारावा: घरातल्या मुलाचं वजन वाढलं का, बाईचा हंडा उतरला का, मुलगी दहावीच्या पुढे शिकली का. उत्तर होय असेल तर चालू ठेवा, नसेल तर तो पैसा दुसरीकडे लावा.

नाशिकपुरतं करायचं काय, तेही सांगते. २०२७ च्या सिंहस्थासाठी कोट्यवधींची कामं निघाली आहेत आणि जिल्हा नियोजन समितीचा वार्षिक आराखडा तर दर वर्षी होतो. केंद्राच्या अर्थसंकल्पाला २००५-०६ पासून महिलांसाठीच्या तरतुदींचं वेगळं विवरण जोडलं जातं. तशीच एक पुरवणी जिल्ह्याच्या आराखड्याला जोडता येईल. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हे तालुके घ्या. प्रत्येक तालुक्यापुढे चारच रकाने: वाढ खुंटलेली मुलं, उन्हाळ्यात पाण्यासाठी चालावं लागणारं अंतर, बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचायला लागणारा वेळ, हंगामात स्थलांतर करणारी कुटुंबं. मागच्या वर्षीचा आकडा, या वर्षीचा आकडा, आणि मधे किती पैसा लागला. ही मागणी मी जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी देते आहे. ज्यांनी तो मजकूर मला पाठवला त्यांनी त्यावर सही करावी किंवा या चारपैकी कोणता रकाना चोचला आहे, ते सांगावं.