पानं उलटायचा आवाज

आमच्या बागेत सातभाईंची एक टोळी आहे. मोजले तर नऊ भरतात, पण नावाला कोण हरकत घेणार! ही मंडळी वाळक्या पाचोळ्यात शिरली की कुणीतरी पोतं फरफटत नेतंय असं वाटतं. मध्येच भांडण, मग समेट, मग सगळे मिळून भलत्याच दिशेला. वर्षानुवर्षं रोज सकाळी हा गोंधळ कानावर पडतो आणि मी हातातलं काम सोडून वर बघतसुद्धा नाही.

गेल्या मंगळवारी मात्र बघितलं, कारण आवाज वेगळा होता. एक पान उलटलं. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं पान. सातभाईंना इतका धीर नसतो.

खिडकीच्या कडेला उभी राहून बघत राहिले. कुंपणाच्या सावलीत साळुंकीपेक्षा किंचित लहान पक्षी. डोकं, छाती, पोट सगळं पिकल्या नारिंगी रंगाचं, पाठ निळसर राखी, पंखावर एक पांढरा ठिपका. गळा पांढरा आणि गालावर दोन उभे गडद पट्टे, काजळ ओघळल्यासारखे. कस्तूर! चोचीत पान धरायचा, बाजूला भिरकावायचा, जागच्या जागी थांबून मान तिरकी करायचा आणि एका डोळ्याने मातीकडे बघत राहायचा. मग एकदम चोच खुपसली. गांडूळ निम्मं बाहेर आलं, निम्मं मातीला धरून. कस्तुराने ओढलं नाही. ताण तसाच ठेवून थांबला, गांडूळ जरा सैल पडलं, तेव्हा अलगद बाहेर काढलं. हे सगळं माझ्यापासून फार तर बारा फुटांवर. मी श्वाससुद्धा बेतानेच घेत होते.

फोटो नाही. फोन आत चार्जिंगला होता आणि तो आणायला गेले असते तर गांडुळाचा शेवट हुकला असता. संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं तर पहिला प्रश्न, ‘फोटो?’ दुसऱ्याने हसरा चेहरा टाकला. म्हणजे काय ते समजायचं.

तर त्यावरून हे लिहितेय. ‘तुझ्याकडे बरे येतात असले पक्षी, आमच्याकडे नुसते कावळे-चिमण्या’ असं मला बरेचदा ऐकवलं जातं. माझं प्रामाणिक मत असं, की तुमच्याकडेही येतात. पण कावळ्या-चिमण्यांकडे तुमचं लक्ष नसतं, म्हणून हेही निसटतात. वेगळा पक्षी ‘वेगळा’ म्हणून खटकायला हवा असेल तर रोजचे पक्षी तोंडपाठ पाहिजेत. बुलबुल कुठल्या फांदीवर बसतो, दयाळ किती वाजता गायला लागतो, शिंपी चिडला की कसा टिवटिवतो, हे अंगवळणी पडलं की जरा सूर बदलला तरी कान टवकारले जातात. मला कस्तूर दिसला त्याचं श्रेय सातभाईंना आहे.

माझी सुरुवात काही अशी शहाणपणाची नव्हती. पहिल्या वर्षी मी एक ‘दुर्मिळ शिकारी पक्षी’ शोधून काढला होता. तपकिरी अंग, त्यावर पांढरे ठिपके, पोटावर आडव्या रेघा, लाल डोळे. चार लोकांना फोन करून सांगितलं. ती कोकिळेची मादी निघाली. काळा कुळकुळीत असतो तो नर, आणि कुहूकुहूही तोच करतो, हे तोवर माझ्या गावीही नव्हतं. त्यानंतर पिवळ्या पोटाचा, गळ्यापासून खाली मधोमध काळी रेघ ओढलेला एक इवलासा पक्षी. पुस्तकं पालथी घातली. तो आपला नेहमीचा जांभळा शिंजीर होता, विणीचा हंगाम संपल्यावर नर झगमगीत कपडे उतरवून असा साध्या वेशात हिंडतो. पावशाने तर मला आणखी दोन वर्षं शिक्रा (एक लहान शिकारी पक्षी) म्हणून फसवलं. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, लहान पक्षीही फसतात त्याला.

पण या फजितीतही मजा होती. नवा पक्षी मिळाला नाही तरी जुनाच पक्षी नव्याने कळत होता.

दुसरी एक सवय लागली, ओरडा कशाचा चाललाय ते बघायची. बुलबुल, शिंपी, शिंजीर, दयाळ असे एरवी एकमेकांना न विचारणारे सगळे एकाच झाडाभोवती जमून कोकलायला लागले की समजावं, आत कुणीतरी बसलंय. बहुतेकदा साप किंवा मांजर निघतं. एकदा मात्र दहा मिनिटं आंब्याच्या खोडाकडे बघूनही काहीच दिसेना. बुलबुल ज्या जागेवर झेपावत होता त्या जागेवर नजर खिळवली, आणि सालीचा एक तुकडा माझ्याकडे डोळे किलकिले करून बघायला लागला. वीतभर घुबड होतं, डोक्यावर पिसांचे दोन शेंडे, अंगावर हुबेहूब सालीची नक्षी. त्या झाडाखालून मी रोज चार वेळा जात होते! किती दिवस ते मला बघत होतं कुणास ठाऊक.

आणि नवरंग. त्याच्याबद्दल लिहायला लागले तर पोस्ट संपणार नाही, पण थोडं लिहितेच. हा पक्षी थंडी दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो आणि पावसाच्या तोंडावर विणीसाठी मध्य भारत, हिमालयाच्या पायथ्याकडे निघतो. प्रवास रात्रीचा. वाटेत थकला की उतरतो कुठेही, अगदी घरांच्या मागेसुद्धा. आमच्याकडे उतरला तो रात्रभर वारा सुटला होता त्याच्या दुसऱ्या दिवशी. कर्दळीच्या बुडाशी, आखूड शेपटीचा, गोळा होऊन बसलेला. हिरवी पाठ, पंखांवर निळं, डोळ्यांवरून काळा पट्टा, शेपटीखाली लालभडक. उजाडताना आणि मावळताना दोन सुरांची खणखणीत शीळ घालायचा. तमिळमध्ये त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचं नाव आहे, ते किती चपखल आहे हे तेव्हा कळलं. घड्याळ लावून घ्यावं.

तीन दिवस होता. दुसऱ्या दिवशी एक ओळखीचे गृहस्थ मोठी लेन्स घेऊन आले आणि फोनवर नवरंगाचा आवाज लावायला निघाले, ‘एकदा वाजवला की समोरच येतो बघा.’ येतो, माहितेय. आपल्या हद्दीत दुसरा कुणी घुसला असं वाटतं म्हणून येतो. रात्रभर उडून, उपाशीपोटी, हाडं टेकायला उतरलेल्या जिवाला खोट्या शत्रूमागे पळवायचं? मी सरळ नाही म्हटलं. ते रागावले, अजूनही जरा घुश्शातच असतात. असू देत. घरात येऊन दमून झोपलेल्या पाहुण्याला आपण हलवून उठवतो का, फोटोसाठी?

पक्षी यावेत म्हणून लोक दाणे टाकतात. टाका, पण मग पारवे येतात, आणि आले की जात नाहीत. कस्तूर, नवरंग, माशीमार ही मंडळी किडे खाणारी. त्यांना दाण्यांशी कर्तव्य नाही. त्यांना पाचोळा हवा, सावली हवी, आणि फवारणी न झालेली माती हवी. आमच्या घरी पाचोळ्यावरून रीतसर वाद झाला. सासूबाईंना अंगण लख्ख लागतं, मला कोपरा घाण लागतो. शेवटी कुंपणालगतचा चार हात पट्टा माझा, बाकी अंगण त्यांचं, असा तह झाला. परवा त्याच मला हळूच हाक मारत होत्या, ‘अगं, तुझ्या उकिरड्यात काहीतरी आलंय बघ!’

पाण्याचं भांडं मात्र ठेवाच. उथळ, दोन इंचांच्या आतबाहेर, तळ खरखरीत, नसेल तर आत एखादा दगड. पाणी रोज बदलायचं, नाहीतर आठवड्याभरात डास पाळल्यासारखं होतं. स्वर्गीय नर्तक मी याच भांड्यावर पाहिला. तो भांड्यात उतरून अंघोळ करत नाही. फांदीवरून सूर मारतो, पाण्याला अंग लावतो, परत फांदीवर. पांढरी लांबलचक शेपटी मागून फितीसारखी लहरत येते. पाच-सहा वेळा झालं हे. शेजारी बुलबुल आपली पाळी येण्याची वाट बघत ताटकळत बसला होता.

नोंदी मी ईबर्डवर, म्हणजे पक्षी पाहणाऱ्यांच्या नोंदी जमा करणाऱ्या संकेतस्थळावर टाकते. २००२ साली सुरू झालेलं हे काम आता जगभर चालतं. तिथे नेहमीपेक्षा वेगळा पक्षी टाकला की ‘काय पाहिलंत ते लिहा’ म्हणून विचारणा होते. सुरुवातीला मला तो अपमान वाटायचा. कोकिळा-प्रकरणानंतर वाटेनासा झाला. फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, त्यात किमान १५ मिनिटं बसून दिसेल तो पक्षी मोजायचा. दिसेल तो म्हणजे कावळासुद्धा. मला तो नियम फार आवडतो.

आता आजचं. पहाटेपासून जांभळाच्या शेंड्यातून शिक्र्याचा आवाज येतोय. अगदी तोच, टिट्यू-टिट्यू. पण त्याच जांभळावर दोन बुलबुल निवांत पिसं साफ करतायत आणि खाली सातभाईंची नेहमीची हाणामारी सुरू आहे. शिक्रा असता तर एवढ्यात सगळे झुडपात दडले असते. म्हणजे कुणीतरी नक्कल करतंय. कोतवाल करतो, पण तो असा लपून बसत नाही, उघड्या फांदीवर मिरवतो. मला दाट संशय आहे की पर्णपक्षी आहे, तोही पक्का नकलाकार. हिरव्या पानांत हिरवा पक्षी, म्हणजे मान मोडणार. आत्ता परत ओरडला. दुर्बीण कुणी कुठे ठेवलीये माझी?