सीनिक ड्राइव्हचा ड्रायव्हर

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये गाडी चालवणाऱ्याला काय दिसतं सांगू? रस्ता. बाकी लॉक (म्हणजे इथली तळी आणि खाड्या), डोंगर, धबधबे हे सगळं बाजूच्या आणि मागच्या सीटसाठी असतं.

इनव्हरनेसहून ॲपलक्रॉसला निघालो तेव्हा नवरा बाजूला फोन घेऊन, मागे सासूबाई चिवड्याचा डबा घेऊन, आणि ऑटोमॅटिक गाडी फक्त मलाच जमते असं घरात एकमताने ठरलेलं. लॉक कॅरनपाशी आई म्हणाल्या, अगं हे तळं खारं दिसतंय, काठाला शेवाळ बघ. आता ते तळं नाहीच, समुद्र आत घुसलाय डोंगरांमधून, ओहोटीला काठावर तपकिरी शेवाळाचा पट्टा उघडा पडतो म्हणे. म्हणे, कारण मी तेव्हा समोरच्या लॉरीकडे बघत होते.

इथवर ठीक होतं. मग सुरू झाला एकेरी रस्ता, म्हणजे वन-वे नव्हे हां, एकाच गाडीपुरता डांबराचा पट्टा, त्यावरूनच जाणारे आणि त्यावरूनच येणारे, आणि मधेमधे थोडी रुंद जागा करून पाटी लावलेली, पासिंग प्लेस. ती डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर आत न जाता तिच्या समोर आपल्याच बाजूला थांबायचं, समोरचा तिच्यातून वळसा घेऊन जातो. आणि जाताना हात दाखवायचाच. हे काम आईंनी स्वतःहून अंगावर घेतलं, प्रत्येक गाडीला मागच्या खिडकीतून असा हात की लोकांना वाटावं कोणीतरी निवडणुकीला उभं आहे.

टॉर्नाप्रेसला बेआलाख ना बा हा घाट सुरू होतो, आणि सुरुवातीलाच भलीमोठी पाटी: शिकाऊ ड्रायव्हर, फार मोठ्या गाड्या आणि कॅरॅव्हॅन यांनी पहिल्या मैलानंतर जाऊ नये. उंची 626 मीटर, चढ पाचास एक, म्हणजे पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, शिवाय हेअरपिन वळणं. 1822 मध्ये बांधलेला रस्ता, आणि 1970च्या दशकात किनाऱ्याचा रस्ता होईपर्यंत ॲपलक्रॉसला गाडीने जायचं तर हाच. नवऱ्याने हे सगळं मोठ्यांदा वाचून दाखवलं, मी चढावर असताना.

पाटी मी वाचली, पण वरून येणाऱ्या मोटरहोमवाल्याने बहुतेक वाचली नव्हती. चढणाऱ्याला जमेल तिथे वाट द्यावी असं इथला हायवे कोड सांगतो, पण त्याला रिव्हर्स जमत नव्हतं आणि त्याच्या मागे आणखी गाड्या, तो नुसता हसून मान हलवत होता. म्हणजे मागे मीच जायचं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा, त्यापलीकडे दरी. नवरा म्हणे ये, ये, अजून, अजून, बास बास बास! अरे हे बास आधी म्हणता येत नाही का? आईंनी डोळे मिटून जप सुरू केला, डबा मात्र उघडाच.

वर पोचलो तर धुकं. इथून स्काय आणि रासे बेटं दिसतात, एवढं ऐकून होतो. आम्हाला कचऱ्याचा डबाही नीट दिसत नव्हता. नवऱ्याने तरी फोटो काढले, पांढऱ्याचे.

खाली गावात मात्र ऊन, आणि वारा पडला तसे मिजेस आले. हे डासांचे बारीक भाईबंद, चावताना दिसत नाहीत, नंतर तासन्‌तास खाजवायला लावतात. आई म्हणाल्या, काय सुंदर रस्ता होता गं, तू एवढी घामाघूम का झालीस?

परतताना मी साफ सांगितलं, घाट नाही, शील्डॅगचा किनाऱ्याचा रस्ता. तोही एकेरीच निघाला, पण निदान दरी नव्हती. समोरून व्हॅन आली, पासिंग प्लेस दहा पावलांवर, आणि तिच्यात मधोमध एक मेंढी रवंथ करत बसलेली. हॉर्न दिला, नवरा उतरून हुश्श हुश्श करून आला, ती ढिम्म. आई म्हणाल्या, बसू दे गं तिला, तूच घे ना रिव्हर्स, तुला आता चांगलं जमतंय.